हमिंगबर्डसाठी बियांपासून फुलझाडे : पेरणी पक्ष्याच्या पंचांगाप्रमाणे

परसदार (न्यू जर्सी) | ११ जानेवारी

नमस्कार. सकाळपासून बाहेर बर्फ पडत आहे आणि मी ओट्यावर दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन कापत बसलो आहे, कारण ज्या पक्ष्याची वाट मी एप्रिलमध्ये पाहणार आहे त्याच्या जेवणाची तयारी आत्ताच करावी लागते. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हमिंगबर्ड अंगणात यावेत असे वाटते, पण मे महिन्यात नर्सरीतून फुललेली कुंडी आणली की काम झाले असा समज दिसतो. बियांपासून झाडे करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा धागा काढत आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात घरटे करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड, म्हणजे माणकाच्या रंगाच्या गळ्याचा. त्याचे वजन जेमतेम ३ ग्रॅम असते, चमचाभर साखरेहूनही कमी. हिवाळा तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतो आणि वसंतात उत्तरेकडे निघतो. यांतले बरेच पक्षी मेक्सिकोचे आखात एका दमात ओलांडतात, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर पाण्यावरून न थांबता उडतात. आमच्या भागात ते एप्रिलच्या अखेरीस पोचतात आणि सप्टेंबर सरता सरता परततात. माझे म्हणणे इतकेच की बाग या पाच महिन्यांच्या हिशोबाने आखावी आणि पेरणीची तारीख तिथून उलटी मोजत यावी. जुलैमध्ये अंगण लालेलाल असेल, पण एप्रिलअखेर दमून आलेल्या पक्ष्याला एकही उघडे फूल मिळणार नसेल, तर ती आखणी अपुरी आहे.

एप्रिल-मेसाठी माझी निवड रानटी कोलंबाइन. लाल, मान खाली घातलेले फूल, आतून पिवळे, आणि वरच्या बाजूला पाच पोकळ नळ्या. मध, म्हणजे फुलातला गोड रस, त्या नळ्यांच्या टोकाशी असतो. याच्या काळ्या, चकचकीत बिया ओल्या थंडीत महिना-दोन महिने राहिल्यावरच नीट रुजतात. जून-जुलैसाठी लाल बी-बाम. जुलैअखेर ते सप्टेंबरसाठी कार्डिनल फ्लॉवर. आणि जूनपासून थंडी पडेपर्यंत अखंड फुलणारी लाल साल्व्हिया, शोभेची बुटकी नव्हे तर जिला इथे स्कार्लेट सेज म्हणतात ती. पहिली तिन्ही बहुवर्षायू आहेत, त्यामुळे बी पेरल्यावर बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतात. साल्व्हिया त्याच वर्षी फुलते, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने ती अवश्य लावावी.

मागच्या वर्षी माझे कार्डिनल पूर्ण फसले. त्याचे बी खसखशीहून बारीक, तपकिरी धुळीसारखे असते आणि त्याला रुजायला उजेड लागतो. पाकिटावर तसे काहीच लिहिलेले नव्हते आणि मी ते मेथी पेरावी तसे पाव इंच मातीखाली पेरले. मार्च गेला, एप्रिल गेला, एक कोंब दिसला नाही. यंदा ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरले, तळव्याने नुसते दाबले आणि वर काहीही घातले नाही.

कॅनची पद्धत अशी. सुमारे पावणेचार लिटरचा पारदर्शक कॅन मधोमध आडवा कापायचा, मुठीकडच्या बाजूला दोन बोटे न कापता ठेवायचा म्हणजे ती बिजागरी होते, तळाला आठ-दहा भोके पाडायची, चार बोटे ओली माती भरायची, बी पेरून कडा चिकटपट्टीने बंद करायची आणि झाकण काढून तो कॅन सरळ बाहेर बर्फात ठेवायचा. बर्फ वितळतो, पाणी आत झिरपते, रात्री गोठते, दिवसा सुटते. बियांना जी थंडी हवी ती निसर्गच देतो.

अंगणवेल (नॉर्थ कॅरोलिना) | ११ जानेवारी

फार उपयुक्त लिहिले आहे. मला यात एका वेलीची भर घालायची आहे, आणि ती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे.

माझ्या आजोळी, सावंतवाडीजवळ, तुळशीवृंदावनाशेजारच्या काठ्यांच्या मांडवावर गणेशवेल चढलेली असे. शेपूसारखी बारीक पाने आणि पाच टोकांची लालभडक चांदणी. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी शेजारणीच्या कुंपणावर तीच वेल पाहिली तेव्हा मी जागीच थांबले. ती म्हणाली, हे सायप्रस व्हाइन आहे, हमिंगबर्डसाठी लावले आहे. नंतर वाचनात आले की ही वेल मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलीच. म्हणजे जी मी कोकणातली समजत होते, ती या पक्ष्याच्या मुलखातून आपल्याकडे आलेली आहे. चांदणीमागची ती लांब, अरुंद नळी कोणाच्या चोचीसाठी आहे, हे मला इथे उलगडले.

तिच्या बिया कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, माती चांगली उबदार झाल्यावर, म्हणजे आमच्याकडे मेच्या सुरुवातीला, थेट जागेवर पेरते. मुळे हलवलेली तिला सोसत नाहीत. जुलैपासून फुले येतात आणि सकाळी सकाळी पक्षी हजर असतो, कारण कडक उन्हात दुपारपर्यंत फुले मिटू लागतात. एक सूचना मात्र करते. दक्षिणेकडच्या राज्यांत ही वेल स्वतःच्या बियांनी फार पसरते आणि शेतांत तण होते. मी शेंगा पिकण्याआधी बहुतेक काढून टाकते आणि वसंतात आलेली जादा रोपे उपटते.

या उन्हाळ्यात भारतात जाणार आहे. आजोळच्या वेलीच्या बिया आणाव्यात असा विचार आहे. कोणाचा अनुभव?

वनमाळी (पेनसिल्व्हेनिया) | १२ जानेवारी

अंगणवेलताई, कृपया आणू नका. अमेरिकेत पेरणीच्या बिया बाहेरून आणण्यासाठी आवश्यक कागदपत्रे लागतात आणि सामानातल्या बिया विमानतळावर जाहीर कराव्या लागतात. बियांबरोबर कीड आणि रोग येतात, म्हणून हा नियम रास्तच आहे. आजोळच्या वेलीची ओढ मी समजू शकतो, पण हीच गणेशवेल इथे सहज मिळते.

लाल रंगाबद्दल थोडे लिहितो. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही आणि हमिंगबर्डला तो उत्तम दिसतो, त्यामुळे लाल नळीदार फुलातला मध मधमाश्यांनी आधीच संपवलेला असण्याची शक्यता कमी असते. पक्षी वासावर फारसा येत नाही, म्हणूनच या फुलांपैकी बहुतेकांना सुगंध नाही. मात्र लाल रंग म्हणजेच सर्व काही असे नाही. गुलाब, जिरॅनियम किंवा पाकळ्यांनी गच्च भरलेल्या दुहेरी जाती लाल असल्या तरी त्यांत पक्ष्याला मिळण्याजोगा मध जवळजवळ नसतो. बी निवडताना एकेरी आणि शक्यतो मूळ जातीचे घ्यावे.

परसदार यांच्या यादीत मी आणखी एक नाव घालतो, रानटी तेरडा. इथे त्याला ज्यूएलवीड म्हणतात. आपल्या तेरड्याचाच तो सख्खा नातलग, नारिंगी फुलांचा, आणि पिकलेल्या शेंगेला बोट लावले की तशीच टचकन फुटून बिया उडवणारा. ओलसर सावलीत, ओढ्याकाठी तो आपोआप वाढतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्यांना त्याचा मोठा आधार असतो. त्याचे बी वाळले की मरते, म्हणून पाकिटातल्या बियांच्या भरवशावर राहू नये. शेंग फुटताना हातात धरावी आणि तिथल्या तिथे पेरावी, म्हणजे हिवाळ्याची थंडी त्याला जमिनीतच मिळते.

कर्वेनगरकर (पुणे) | १२ जानेवारी

चर्चा वाचून आनंद झाला. आमच्याकडेही जास्वंदीवर रोज सकाळी हमिंगबर्डची जोडी येते. नर गडद निळा-जांभळा चमकतो आणि मादी पिवळसर आहे. इथे कोणती झाडे लावावीत?

वनमाळी (पेनसिल्व्हेनिया) | १२ जानेवारी

कर्वेनगरकर, तुम्ही पाहता तो जांभळा शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, भारतात एकही जात नाही. दोघे फुलातला मध पितात म्हणून दोघांच्या चोची लांब आणि बारीक झाल्या, पण नाते जवळचे नाही. शिंजीर बहुतेक वेळा फांदीवर बसून मध पितो, आणि म्हणून त्याला बसायला काटकी असलेली झाडे हवीत. संध्याकाळी फुलांपुढे तरंगताना दिसतो तो बहुधा पतंग नावाचा कीटक असतो. शिंजिरासाठी धायटी आणि मुरुडशेंग बियांपासून करून पाहा. दोन्ही सह्याद्रीतल्या आहेत आणि दोन्हींवर तो हमखास येतो.

पडवी (शिकागो) | १५ जानेवारी

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. दक्षिणेला तोंड असलेली बाल्कनी आहे, जमीन नाही. इतक्या उंचीवर पक्षी येईल का? शिवाय साखरपाण्याचा फीडर टांगणे सोपे असताना बियांचा खटाटोप का करावा, असे घरात विचारले जात आहे.

परसदार (न्यू जर्सी) | १५ जानेवारी

पडवीताई, तिसरा मजला त्याला अडचणीचा नाही. त्याला रंग दिसला पाहिजे, म्हणून एक मोठी लाल ओळ करा, विखुरलेली एकेक कुंडी नको. बाल्कनीसाठी दोनच गोष्टी सुचवतो. स्कार्लेट सेजचे बी वसंतातल्या शेवटच्या गोठवणाऱ्या थंडीच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात पेरा. आणि स्कार्लेट रनर बीन, म्हणजे लाल फुलांचा घेवडा. त्याचे जांभळट, काळ्या ठिपक्यांचे मोठे बी मेअखेर थेट खोल कुंडीत टोचा आणि कठड्याला सुतळ्या बांधा. पहिल्यांदाच पेरणाऱ्यासाठी यापेक्षा भरवशाचे बी मला माहीत नाही. शेंगा कोवळ्या असताना भाजीही होते. त्या नेहमी शिजवूनच खाव्यात.

फीडरबद्दल मनापासून सांगतो. फीडर वाईट नाही. एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी, रंग नाही, मधमाश्यांचा मध नाही, गूळ नाही, आणि उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी धुऊन नवे पाणी. पण ते धुणे चुकले की पाणी आंबते आणि पक्ष्याला अपाय होतो. झाडाला हा प्रश्न नाही. शिवाय पक्षी नुसत्या मधावर जगत नाही. पिल्लांना मादी बारीक किडे, चिलटे, कोळी भरवते, आणि हे किडे फुलझाडांवरच मिळतात. त्याचे अक्रोडाच्या अर्ध्या कवचाएवढे घरटेसुद्धा कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेले असते. म्हणून बागेत कीटकनाशक फवारू नये. नर्सरीतली कुंडी कोणत्या औषधात वाढली हे आपल्याला कळत नाही, बियांपासून केलेल्या रोपाबद्दल मात्र पूर्ण खात्री असते. मी बियांकडे वळलो ते मुख्यतः याच कारणाने.

मिरचीजास्वंद (ऑस्टिन) | २ फेब्रुवारी

उशिरा लिहीत आहे. टेक्सासच्या उन्हात कार्डिनल आणि बी-बाम माझ्याकडे टिकले नाहीत, कारण त्यांना सतत ओलावा लागतो. माझ्या सदस्यनामातच माझे उत्तर आहे. आपल्याकडे कुंपणाला लावतात ती कधीही पूर्ण न उमलणारी, मिरचीसारखी लाल जास्वंद आठवत असेल. तिची बहीण इथे रानात वाढते आणि तिला टर्क्स कॅप म्हणतात. झाडाखालच्या सावलीत, कमी पाण्यात, मेपासून नोव्हेंबरपर्यंत फुलते. तिला छोटी लाल फळे येतात. ती पिकल्यावर गर धुऊन काढायचा, बी दोन दिवस सावलीत वाळवायचे आणि माती उबदार झाली की पेरायचे. या बियांना थंडीची गरज नाही. सप्टेंबरमध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर आखात ओलांडण्याआधी पक्ष्यांची गर्दी होते, रॉकपोर्ट गावात त्यांच्यासाठी दरवर्षी उत्सवच असतो. त्या दिवसांत टर्क्स कॅप भर फुलात असते.

कर्दळही विसरू नका. तिचे बी छऱ्यासारखे काळे आणि कठीण असते. नुसते पेरले तर महिनोन् महिने तसेच पडून राहते. एका बाजूने काच कागदावर घासून आतला पांढरा भाग जेमतेम दिसू द्यावा, एक-दोन दिवस कोमट पाण्यात ठेवावे आणि ते फुगले की पेरावे.

खाडीकाठ (कॅलिफोर्निया) | ३ फेब्रुवारी

आमचे पंचांग वेगळे आहे. पश्चिम किनाऱ्यावर ॲनाज हमिंगबर्ड बाराही महिने राहतो आणि ऐन हिवाळ्यातच घरटे करू लागतो, त्यामुळे आम्हाला डिसेंबर-जानेवारीतही फुले हवीत. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून स्थानिक झाडांचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिल्या पावसाच्या आधी पेरतात. उन्हाळाअखेर सगळे सुकलेले असताना कॅलिफोर्निया फ्युशिया लाल फुलांनी भरते आणि तिला पाणी फारसे लागत नाही. न्यू जर्सीची यादी आमच्याकडे जशीच्या तशी वापरू नये, एवढे नोंदवतो.

पडवी (शिकागो) | २४ मार्च

मदत हवी आहे. साल्व्हिया पाचव्या-सहाव्या दिवशी छान उगवली, पण काल सकाळी ट्रेच्या एका कोपऱ्यातली रोपे मातीलगत बारीक होऊन आडवी पडली आणि आज अर्धा ट्रे गेला. रोज दोन वेळा पाणी घालते आहे. वरून प्लास्टिकचे झाकणही आहे.

वनमाळी (पेनसिल्व्हेनिया) | २४ मार्च

ही रोपमर, बुरशीमुळे होते. आडवी झालेली रोपे वाचत नाहीत. ती मातीसकट काढून टाका. झाकण आजच काढा, कारण कोंब दिसेपर्यंतच त्याचे काम असते. पाणी वरून न घालता ट्रे पाण्यात ठेवून खालून शोषू द्या आणि मातीचा वरचा थर फिका दिसेपर्यंत पुन्हा देऊ नका. लहान पंखा दूर ठेवून मंद चालू ठेवा. दिवा रोपांच्या चार बोटे वर आणा, म्हणजे ती लांबुडकी होणार नाहीत. उरलेल्या रोपांना पहिल्या बीजपानांनंतरची दोन खरी पाने आली की ती वेगवेगळ्या कपांत हलवा. आणि थोडे बी आजच पुन्हा पेरा, अजून वेळ आहे.

परसदार (न्यू जर्सी) | २६ एप्रिल

कॅनमध्ये कार्डिनल उगवले आहे. भिंग घेऊन पाहावे लागते इतकी बारीक, हिरव्या टाचणीच्या डोक्यासारखी रोपे आहेत आणि दाट आहेत. एकेक सुटे करण्याचा प्रयत्न करू नये. रुपयाएवढा गठ्ठा उचलून तसाच लावावा. वाढ जूनपर्यंत अगदी संथ असेल, नंतर वेग धरते.

तीन वर्षांपूर्वी पेरलेली कोलंबाइन काल उमलली. आज सकाळी पावणेसात वाजता नर आला. फुलाखाली तरंगत, चोच वर करून त्याने पाचही नळ्या एकामागून एक तपासल्या आणि शेजारच्या फुलाकडे गेला. खिडकी बंद असूनही पंखांचा आवाज मला ऐकू आला.

पडवीताई, रोपे बाहेर काढण्याआधी आठवडाभर सरावू द्या. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडे जास्त ऊन. शिकागोच्या वाऱ्यात एकदम ठेवलीत तर पाने पांढरी पडतील.

पडवी (शिकागो) | १९ जुलै

आठ कुंड्या साल्व्हियाच्या आणि कठड्यावर घेवडा. काल संध्याकाळी तो आला. मी दार उघडे ठेवून आतच बसले होते. सासूबाईंनी आधी पाहिला आणि मला हाताने खूण केली. तो घेवड्याच्या वरच्या फुलांवरून सुरू झाला, साल्व्हियाच्या ओळीवर पाच मिनिटे राहिला आणि सुतळीवर बसून चोच पुसून गेला. आज सकाळी सहालाही आला.

अंगणवेल (नॉर्थ कॅरोलिना) | ७ सप्टेंबर

गणेशवेल पूर्ण बहरात आहे. दरवर्षी मी गणपतीच्या पूजेसाठी खालच्या हाताशी येणाऱ्या फुलांतली एकवीस घेते आणि वरचा मांडव पक्ष्यांसाठी राखते. आता लाल गळ्याचे नर दिसेनासे झाले आहेत. यंदाची पिल्लेच असावीत, गळे पांढरे आहेत आणि एकमेकांना वेलीवरून सतत हुसकावत असतात.

परसदार (न्यू जर्सी) | २१ सप्टेंबर

आमच्याकडेही नर ऑगस्टमध्येच गेले. मागच्या फसलेल्या हंगामात शेजाऱ्यांनी दिलेल्या दोन कार्डिनल रोपांना यंदा तीन फूट उंच तुरे आले. या फुलात परागकणांची नळी फुलाच्या वर येते आणि टोकाशी खाली झुकलेली असते, त्यामुळे पक्षी मध पिताना ती नेमकी त्याच्या कपाळाला टेकते. परवा एका पिल्लाच्या कपाळावर परागकणांचा टिळा स्पष्ट दिसला. तुरा खालून वर फुलत जातो, आणि प्रत्येक फूल आधी पराग देते व नंतर पराग घेते, म्हणून तुऱ्याची खालची फुले घेणारी आणि वरची देणारी असतात. तो टिळा पुढच्या झाडाच्या खालच्या फुलांवर उतरला की बी धरते.

खालच्या बोंडांतले बी तपकिरी झाले आहे. बोंड कागदाच्या पाकिटात उलटे धरून टिचकी मारली की बी पडते. हिवाळ्यात या झाडाचा जमिनीलगतचा पानांचा गुच्छ हिरवाच राहतो. त्याच्यावर पालापाचोळा साचू देऊ नका, नाहीतर तो कुजतो.

फीडर अजून दोन आठवडे टांगलेला ठेवणार आहे. त्यामुळे पक्षी जायचे थांबत नाहीत, दिवस लहान होऊ लागले की ते निघतातच. उत्तरेकडून उशिरा निघालेल्यांना मात्र वाटेत खाणे मिळते.

पडवी (शिकागो) | २१ सप्टेंबर

पुढच्या वर्षी कोलंबाइन करून पाहायची आहे, कुंडीत चालेल असे वाचले. थोड्या बिया मिळतील का?

परसदार (न्यू जर्सी) | २२ सप्टेंबर

अवश्य. पत्ता खासगी निरोपात कळवा. कोलंबाइन आणि कार्डिनल दोन्ही पाठवतो. मिळाल्यावर कोरड्या, थंड जागी ठेवा आणि डिसेंबरअखेर कॅन भरून बाल्कनीच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. रानटी तेरड्याचे बी टपालाने पाठवण्यासारखे नाही. आज दुपारी ओढ्याकाठी पन्नासेक शेंगा ओंजळीत फोडून घेतल्या आणि घराच्या उत्तरेकडच्या ओल्या पट्ट्यात लगेच पेरून टाकल्या.